न वाढवलेलं दुकान

"बाई, वर गिऱ्हाईक हाय."

रज्जाक मिस्त्री माडीची शिडी उतरला तो मागे न बघता. रंधा हातात तसाच होता. मी खाली ओट्यावर बसून पुस्तकांच्या पाठींवर नंबरांच्या चिठ्ठ्या डकवत होते. दिवस कलला होता आणि समोरच्या देवळाच्या पायरीवर एक कुत्रं आळस देत होतं.

"कसलं गिऱ्हाईक?"

"ते मला काय ठावं? बांगड्या वाजत्यात. कुणीतरी चाळून बघतंय. ही नको, ती न्हवं, असं."

"उंदीर असेल, मिस्त्री."

"उंदराला एवढी हौस?" तो हसला, पण हसू त्याच्या मिशीपर्यंतच आलं. "मी मिस्त्री हाय बाई, मांत्रिक न्हाई. उजेडातलं काय बी काम सांगा. दिवेलागणीला मी वर जायाचा न्हाई."

मी कंदील न घेताच वर गेले. शिडीची शेवटची पायरी चढले आणि आवाज थांबला. परकं माणूस दारात आलं की घरातलं बोलणं थांबतं, तसा थांबला. माडीवर कोणी नव्हतं. भिंतीतले रिकामे खण, रज्जाकनं नुकतीच बसवलेली काचेची कपाटं, पश्चिमेच्या झरोक्यातून आलेला हळदीसारखा उजेड. बाकी काही नाही. फक्त वास होता, ओल्या गाळाचा. पूर ओसरल्यावर काठाच्या झुडपांना जो वास येतो, तो.

दिवस वैशाखाचे होते. नदीच्या पात्रात त्या वर्षी गुरं दगड चाटत फिरत होती.

देवराळचं वाचनालय तोवर चावडीतल्या एका कपाटात राहत होतं. किल्ली तलाठ्याकडे, आणि तलाठी कधीच जागेवर नाही. मग हेंद्रे कासारांच्या कोल्हापूरच्या पुतण्यानं आपली बाजारपेठेतली बंद जागा गावाला देऊन टाकली. खाली दुकान आणि वर माडी. एके काळी आसपासच्या वाड्यांतली प्रत्येक नवरी इथं बांगड्या भरायला हात पुढं करून गेली होती. खाली वाचनालय करायचं, वर गावाच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय, असं ठरलं. कोष्ट्याचा धोटा, कुंभाराचं चाक आणि कासाराचं सगळं सामान. ते मांडायचं काम मला मिळालं. मी सव्वीस वर्षांची होते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. भावाच्या घरात, आईजवळ, भाकरीला कमी नव्हतं, पण दिवस घालवायला कोपरा नव्हता.

मी वर 'बंद जागा' म्हटलं. सोनाक्कापुढं तो शब्द कोणी काढत नसे.

सोनाक्का म्हणजे या दुकानाच्या नागूअण्णा कासाराची बायको. ती दुकानामागच्या खोलीत राहायची. गोरी, उंच, बोलण्यात फटकळ. डाव्या हातात मनगटापासून कोपराच्या अंगानं चढत गेलेल्या हिरव्यागार बांगड्या आणि उजवा हात मोकळा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कामाचा हात म्हणून उजवा सुटा ठेवला असेल. खरंच, ती सगळं उजव्या हातानं करायची. पाणी शेंदायची, भाकरी थापायची. डावा हात पोटाशी धरून असायची, त्यात झोपलेलं मूल असावं तसा. गावातल्या बाया तिला मागून 'अर्धी सवाशीण' म्हणत. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं, म्हणून बोलवत नव्हत्या.

कारण नागूअण्णा मेला की नाही हे कुणी ठरवलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका वैशाखात तो नदीपलीकडच्या वाडीला नवरीचा चुडा भरायला निघाला. निघताना बायकोला म्हणाला, "दुकान वाढवू नको, मी आलोच." वरच्या अंगाला वळीव कोसळला होता आणि नदीला अचानक लोंढा आला. दुसऱ्या दिवशी खाली, पार लांब, बाभळीच्या फांदीला त्याच्या बांगड्यांच्या माळा लटकलेल्या मिळाल्या. माणूस मिळाला नाही. दहाव्याला बाया पाटा घेऊन आल्या, हिच्या बांगड्या वाढवायला. हिनं दारातून परतवल्या. म्हणाली, "दुकान वाढवू नको म्हणून सांगून गेल्यात. दुकान वाढलं न्हाई, तवर बांगडी वाढत न्हाई."

तेव्हापासून दुकानाच्या सगळ्या फळ्या लागल्या, शेवटची लागली नाही. जुन्या दुकानांना पुढून उभ्या फळ्या असत, खाचेत एकापुढं एक सरकवायच्या. शेवटची बसली की आडणा घालायचा आणि कुलूप. ती शेवटची फळी सोनाक्कानं भिंतीला टेकवून ठेवली होती. माणूस अंग चोरून आत येईल एवढी फट. त्या फटीशी ती रोज तिन्हीसांजेला दिवा लावायची आणि विझायच्या आधी वात सारायची.

वाचनालयाची मंडळी विचारायला आली तेव्हा तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

"घ्या की. चार पोरं येतील, हसतील, घराला बोलणं मिळंल. फकस्त ती फळी लावायची न्हाई."

"अहो, पण चोर," आमचे अध्यक्ष दिनकर मास्तर म्हणाले.

"चोर अजून आला न्हाई, मास्तर. ज्यानं यावं त्यो बी आला न्हाई."

तेव्हा मास्तर हसले. पण वैशाखी पौर्णिमेला उद्घाटन ठरलं, पत्रिका वाटल्या आणि जिल्ह्याचे साहेब जागा बघून गेले. "कुलूप कुठाय?" एवढंच त्यांनी विचारलं. कुलूप नाही तर मान्यता नाही, मान्यता नाही तर पुस्तकं परत.

साहेबांची जीप गेली तसे मास्तर माझ्याजवळ आले. भला माणूस, पण घाईचा.

"अनसूयाबाई, तुम्हीच समजवा तिला. आमचं ऐकायची नाही. तुम्ही कशा, त्यातून गेलेल्या."

 माझ्या मोकळ्या हातांकडं त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी टोपी काढून उगीच झटकली.

मी त्यातून गेले होते, हे खरं. सासरच्या बायांनी नदीच्या खडकावर माझे हात धरले आणि दुसऱ्या दगडानं बांगड्या वाढवल्या. वाढवल्या म्हणायचं. आमच्या भाषेत दिवा विझत नाही, दुकान बंद होत नाही, बांगडी फुटत नाही. पण काचेला भाषा येत नाही. एक कपची उजव्या मनगटात रुतली. ती निघाली, तिची जागा राहिली. थंडीत अजून ठुसठुसते.

त्या दिवशी दुपारी मी सोनाक्काच्या खोलीत गेले. ती तांदूळ निवडत होती.

"मास्तरानं धाडलं ना?" वर न बघता ती म्हणाली. "बस. चहा ठेवते. आन् जे सांगायचं ते चहा पिऊन सांग, आधी सांगितलंस तर साखर घालायची न्हाई मी."

मी चहा प्यायले आणि तरीही सांगू शकले नाही. तिनंच विषय काढला.

"तुझ्या कुणी वाढवल्या गं?"

"सासूनं. आणि चुलतसासूनं."

"दुखलं?"

"हो."

"हूं." तिनं सुपातला एक खडा उचलून उंबऱ्याबाहेर टाकला. "आमचे हे म्हणायचे, कासाराची बांगडी हातात जाताना दुखत न्हाई आन् निघताना बी दुखाय नको. दुखलं तर समजायचं, हात धरणाराला हात धरता येत न्हाई. आल्या हाताला रिकामं परतवायचं न्हाई आन् भरल्या हाताला दुखवायचं न्हाई. एवढाच त्यांचा धर्म. देवाला तर कधी गेले न्हाईत."

"सोनाक्का, फळी..."

"कळलं मला." ती बराच वेळ सूप हलवत राहिली. "मी काय खुळी हाय का पोरी? नदीनं नेलेला माणूस परत येत न्हाई, हे मला बी कळतं. पर मी फळी लावली, म्हंजे मी त्यांना दाराबाहेर ठेवून कडी लावली. ते येऊन उभं राहिलं तर?"

 मास्तरांना मी सांगितलं, उद्घाटनापर्यंत बघू.

पण माडीवरचं थांबत नव्हतं. आधी नुसती किणकिण होती. मग खण उघडल्याचे आवाज येऊ लागले. त्या खणांना आता दारंच नव्हती, रज्जाकनं ती काढून काचा बसवल्या होत्या, तरी लाकडी दार बिजागरीवर फिरावं तसे आवाज यायचे. एकामागून एक. दार उघडायचं, हात फिरायचा, दार मिटायचं. चिडून नव्हे. घरातला माणूस सकाळी घाईत आपलीच वस्तू शोधतो, तसं. आणि सगळं दिवेलागणीलाच, तेलात वात भिजेपर्यंत. दिवा लागला की थांबायचं.

रज्जाकनं हत्यारं गुंडाळायला सुरुवात केली होती. "पंधरा दिसांपूर्वी असलं काय नव्हतं, बाई. मी वर एकटा झोपलो बी हाय दुपारचा. काचेची कपाटं लागली आन् हे सुरू झालं. काच काचंला वळखती काय?"

त्यानं ते चेष्टेत म्हटलं. माझ्या मनात ते राहिलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सगळं तयार होतं. मास्तर पताका बांधून घरी गेले, रज्जाक तर उन्हातच पळाला. मी खाली सतरंज्या टाकत होते. उजेड उतरू लागला आणि वर दार उघडलं. हात फिरला. दार मिटलं. या वेळी आवाज शिडीजवळच्या खणापर्यंत आला. मग शिडीची वरची पायरी करकरली.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. 

मागच्या दारातून सोनाक्का दिवा घेऊन आली. वात अजून पेटवलेली नव्हती. तिनं मान वर केली आणि ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर भीती आली नाही, हेच मला सगळ्यांत भीतीचं वाटलं. नवऱ्याची काठी सापडत नाही तेव्हा बायको जशी वैतागते, तशी ती वैतागली.

"काय हरवलं ह्यांचं?" ती म्हणाली.

आणि ती शिडी चढायला लागली. मी तिच्या मागोमाग गेले, कारण खाली एकटीनं राहणं त्याहून कठीण होतं.

माडीवर तोच वास होता, पण आता दाट. सोनाक्का सरळ कोपऱ्यातल्या खुंटीकडं गेली. ठेंगणी, तेल पिऊन काळी झालेली खुंटी. तिनं त्यावर उजवा हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

"हितला चुडा कुणी काढला?"

आठवलं मला. कपाटं बसली त्याच दिवशी मास्तरांनी माडी झाडताना खुंटीवरचा एक हिरवा चुडा काढला होता, लाल दोऱ्यात ओवलेला. "जुना माल आहे, रंग बघा कसा राहिलाय!" म्हणून त्यांनीच तो मधल्या कपाटात काचेआड ठेवला, खाली सुरेख अक्षरांत लिहिलं, 'विक्रीस तयार चुडा'.

"काचेत आहे, सोनाक्का. मास्तरांनी..."

"विकायचा न्हाई त्यो." तिचा आवाज प्रथमच हलला. "त्यो माझा हाय. माझ्या ह्या हाताचा."

तिनं उजवा हात उचलून माझ्यापुढं धरला. उघडा, हाडकुळा, शिरांनी भरलेला.

मग ती जमिनीवरच बसली आणि तिनं सांगितलं. गावाला माहीत नसलेलं, तिनं कधी कुणाला न सांगितलेलं. त्या दिवशी दुकानात शेवटचं गिऱ्हाईक तीच होती. गावभर चुडे भरणाऱ्याच्या घरात बायकोच्या हाताला सवड नव्हती. ती रुसली होती, म्हणून तिन्हीसांजेला त्यानं तिला समोर बसवलं. डावा हात भरला. उजवा हात हातात घेऊन दाबायला लागला, तोच पलीकडच्या वाडीचा माणूस धापा टाकत आला. नवरी खोळंबली, मुहूर्त टळतोय. यानं उजव्या हाताचा चुडा दोऱ्यात ओवून वर येऊन ह्या खुंटीला अडकवला आणि म्हणाला, 'तू घरची. तुझा हात कुठं पळून चाललाय? आलोच. दुकान वाढवू नको.'

"उभ्या जन्मात एक हात त्यांनी रिकामा सोडला," ती म्हणाली, "त्यो माझा."

झरोक्यातला उजेड तांबूस झाला होता. खाली देवळात कुणीतरी घंटा वाजवली.

"तेवढ्यासाठी येत्यात ते. माझ्यासाठी न्हवं गं. राहिलेल्या कामासाठी. मी आपली फळी उघडी ठेवून बसले, आन् ते रोज येऊन खुंटीला हात लावून जात असतील. माझा हात पुढं न्हाई, म्हणून जात असतील. मी कधी हात पुढं केलाच न्हाई पोरी. मला वाटायचं, हात भरला की दुकान वाढंल."

"आणि आता?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता काच उघड."

मी कपाट उघडलं. चुडा हातात घेतला तेव्हा तो गार लागला. वैशाखात, दिवसभर तापलेल्या काचेआड राहिलेला चुडा विहिरीतून काढल्यासारखा गार होता. आम्ही खाली आलो. दुकानाच्या दर्शनी भागात कासाराची गादी आणि तिच्यासमोर गिऱ्हाइकाचा लाकडी पाट आम्ही जसाच्या तसा ठेवला होता, लोकांना बघायला. सोनाक्कानं चुडा गादीवर ठेवला. दिवा शेजारी ठेवला, न पेटवता. स्वतः पाटावर बसली, पदर सावरून, नव्या नवरीसारखी पाय दुमडून. उजवा हात पुढं केला.

"तू भाईर हो. फटीशी उभी ऱ्हा. तोंड रस्त्याकडं. मी हाक दिली की फळी लाव."

"सोनाक्का, तुम्ही एकट्या..."

"एकटी कुठाय?" ती म्हणाली.

मी बाहेर आले. फळी भिंतीशी टेकलेली होती, तिच्या काठावर हात ठेवून मी रस्त्याकडं तोंड केलं. रस्त्यावर अजून माणसं होती. गवळी सायकल ढकलत चालला होता. "काय अनसूयाताई, उद्या पेढे ना?" त्यानं विचारलं, आणि मी हो म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. तो गेला. मग माझ्या पाठीमागून, फटीतून, गाळाचा गार वास आला आणि कुणीतरी गुणगुणू लागलं. पुरुषाचा आवाज, खालच्या पट्टीतला, रोज तेच म्हणून गुळगुळीत झालेला:

"सैल सोड गं मनगट, काच हाये शहाणी,
दुखऱ्या हाडावरनं जाती, जशी पाण्यामधी पाणी."

मग किण्. थांबून, किण्. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडते, हात दाबला जातो, आणि ती उतरते, तो आवाज. जिचा हात कधी भरला गेला आहे तिला तो आवाज शिकवावा लागत नाही.  मला वळायचं नव्हतं. मला त्या ओवीची दुसरी ओळ संपू नये असं वाटत होतं. मनगटातली ती जुनी जागा ठुसठुसायला लागली होती, वैशाखात.

गुणगुणणं थांबलं. 

"पोरी," सोनाक्काची हाक आली. तृप्त, झोप आल्यासारखी. "दुकान वाढव."

मी फळी उचलली. ती जड असेल असं वाटलं होतं. खाचेत लावून सरकवली आणि फट मिटता मिटता मला आतलं दिसलं. बघायचं नव्हतं, पण दिसलं. सोनाक्काचे दोन्ही हात मांडीवर, दोन्ही हिरवे. दिवा लागलेला. आणि समोरची गादी, जिच्यावर कोणी नव्हतं, मधोमध दबलेली होती. माणूस उठायच्या आधी दबलेली असते, तशी.

फळी बसली. मी आडणा घातला, मास्तरांनी आणलेलं नवं कुलूप लावलं आणि घरी जाऊन आईच्या कुशीत लहान पोरीसारखी निजले. 

सकाळी मास्तर, रज्जाक आणि मी बरोबरच आलो. मास्तरांनी कुलूप पाहिलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं मी डोंगर उचलला होता. "समजावलंत!" एवढंच त्यांना बोलता आलं.

आत सोनाक्का केर काढत होती. दोन्ही हातांनी. दोन्ही हात मोकळे होते.

गिऱ्हाइकाच्या पाटावर बांगड्या ठेवलेल्या होत्या. डाव्या हाताच्या वेगळ्या, उजव्या हाताच्या वेगळ्या, दोन्हींना लाल दोरा. सगळ्या अख्ख्या. एकीलाही तडा नव्हता.

रज्जाकनं त्यातली एक उचलली, सोनाक्काच्या हाताकडं पाहिलं, परत बांगडीकडं पाहिलं. "ह्या हातातनं ही? वाढवल्याबिगर?" त्याच्या बोलण्यातली चेष्टा गेली होती. "अशा निघत न्हाईत, आक्का. तेल लावा न्हाईतर साबण लावा. एवढ्या वर्सांच्या हातातनं न्हाई निघत."

"तू सुतार हाईस," सोनाक्का म्हणाली. "तुला काय कळतंय? केराची सुपली दे हिकडं."

पुढं खूप दिवसांनी, तिच्याच परवानगीनं, मी त्यातली एक तिच्या हातात घालून पाहिली. अंगठ्याच्या मुळाशीच अडली. वर जाईना. तिथून ती आत घालायला किंवा बाहेर काढायला कासारच हवा होता.

पण त्या सकाळी मास्तर सतरंज्या सरळ करायला गेले तेव्हा मी तिच्याजवळ गेले. तिचे उघडे हात हातात घेतले. मला वाटलं होतं, ती रडेल. किंवा मी रडेन. हातांवर कुठं ओरखडाही नव्हता.

"दुखलं?" मी विचारलं.

"न्हाई गं." तिनं माझ्या उजव्या मनगटाकडं बघितलं, तिथल्या त्या जागेकडं. मग आवाज खाली घेतला. "तुझं विचारत होते."

"काय?"

"म्हणाले, दाराशी उभी हाय ती लेक कुणाची? हात मोकळा का तिचा?"

देवळातून उद्घाटनाच्या पाहुण्यांचा गलका येत होता. कुणीतरी हलगी वाजवून बघत होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" तिनं झाडणी उचलली. "म्हणलं, आपलं वाढलं. तिचं दुकान उद्या उघडायचंय."

सोनाक्का आता नाही. बांगड्या माडीवर मधल्या कपाटात आहेत. जुनी चिठ्ठी मी काढली, नवी लावली नाही. शाळेच्या मुली विचारतात, ह्या कुणाच्या? मी म्हणते, इथल्या घरच्या. फळ्यांच्या जागी लोखंडी शटर घ्या म्हणून तीन अध्यक्षांनी सांगून पाहिलं. मी फळ्याच ठेवल्या आहेत. दिवेलागणीला शेवटचा वाचक गेला की मी एकेक सरकवते, आणि 'वाचनालय वाढवते' असं मोठ्यानं म्हणते. नवीन मुलं हसतात.

शेवटची फळी लावायच्या आधी मी उजवा हात क्षणभर त्या फटीतून आत ठेवते. अजून कुणी धरलेला नाही. पण हात मागं घेताना ती दुखरी जागा दुखत नसते, कितीही थंडी असली तरी.